उष्टावणाच्या ताटलीवरचं नाव

मी लेझर शिकवते म्हटलं की लोकांचे ठरलेले प्रश्न येतात. बायका हनुवटीवर बोट ठेवून हळूच विचारतात, "मॅडम, केस कायमचे जातात का हो?" पुरुष चष्मा पुसत म्हणतात, "नंबर जातो का?" एका लग्नात तर वरपक्षाच्या काकांनी मला मुतखड्याचं विचारलं. पूर्वी मी समजावत बसायची, की नाही हो, मी मेकॅनिकलची प्राध्यापक, आम्ही प्रकाशाने लोखंड कापतो, जोडतो, त्यावर खुणा करतो. आता सरळ सांगते, "जातो. डॉक्टरकडे जा." वाद कोण घालणार!

मी कुहीकडच्या एका खेड्यातली. घरी धानाची शेती. मी डी.एड. करावं, जवळच्या शाळेत मास्तरीण व्हावं, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. मी हट्टाने मेकॅनिकल घेतलं. वर्कशॉपमध्ये सर म्हणायचे, "बेटा, तू बाजूला उभी राहा, ओढणी अडकेल." दुसऱ्या दिवशी मी ओढणी घरीच ठेवून गेले. स्वभावच तसा, काय करणार. पुढे एम.टेक.ला दूर दक्षिणेत गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा लेझरने पोलादाची पाटी कापलेली पाहिली. मला वाटलं होतं, सिनेमात दाखवतात तशी लाल रेघ दिसेल. छे! काहीच दिसलं नाही. त्या किरणाचा रंगच आपल्या डोळ्याला कळत नाही. पाटीखालून थोड्या ठिणग्या सांडल्या आणि तिचे दोन तुकडे झाले. ना करवत, ना दात, ना कुठे कुणी दाबलं. मी तिथेच ठरवलं की आपल्याला हेच करायचं आहे.

करायचं ठरवलं आणि नोकरी लागली ती नागपूरबाहेरच्या एका खासगी कॉलेजात, जिथे लेझर फक्त अभ्यासक्रमात होता. दात आहेत तर चणे नाहीत! कित्येक वर्षं मी फळ्यावर खडूने लेझर शिकवला. खडूनेच किरण काढायचा, खडूनेच भिंग, खडूनेच वितळलेलं पोलाद. पोरांनी खराखुरा लेझर पाहिलेला असायचा तो वरातीतल्या डीजेचा. नोकरी करता करता पीएचडी केली, अर्ज केले, भांडले, आणि शेवटी एकदाचं एक लहानसं मशीन आलं. कापायचं नाही, नुसतं धातूवर खूण करायचं. तेही चाललं असतं. पण व्यवस्थापनाला त्याचा एकच उपयोग कळला. कॉलेजात कुणी पाहुणा आला की त्याचं नाव स्मृतिचिन्हावर टाकून द्यायचं. "मॅडम, मंत्रीसाहेब येत आहेत, तेवढी पाटी करून ठेवा." माझ्या विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल बाजूला, आणि मी मंत्रीसाहेबांच्या आडनावाची वेलांटी तपासते आहे. संताप व्हायचा नुसता.

आता तर मेकॅनिकलला पोरंही येत नाहीत. समोर कॉम्प्युटरच्या वर्गात खुर्च्या पुरत नाहीत आणि माझ्या वर्गात बाकं रिकामी. चार-दोन पोरं समोर बसवून मी शिकवते, आणि जीव तोडून शिकवते.

एकदा आई नागपूरला आली तेव्हा हौसेने तिला लॅब दाखवायला नेलं. तिच्यासमोर एका स्टीलच्या वाटीवर तिचं नाव टाकून दिलं. ती खूश. पण तेव्हापासून गावात विचारलं कुणी, पोरगी काय करते, की आईचं उत्तर तयार, "भांड्यावर नावं टाकते." अरे बापा! भांड्यांच्या दुकानात विजेचं पेन घेऊन बसलेला माणूस जे करतो, तेच मी करते असं साऱ्या पंचक्रोशीला वाटतं. बाबा असते तर कदाचित त्यांनी दोन शब्द जास्त सांगितले असते. ते गेले, आणि आई शेती बघत गावीच राहिली.

माझं लग्न झालं नाही. जमलं नाही आणि नंतर मी जमवलंही नाही. नागपूरच्या नंदनवन भागात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यात एकटी राहायची. आणि मग माझी धाकटी बहीण परत आली.

तिच्या नवऱ्याने रायपूरला दुसरं घर मांडलं होतं. बरीच वर्षं तिने सोसलं, कुणाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा आई तिच्या सासरी जाऊन तिला नि पोरीला घेऊन आली. कोर्टातून रीतसर सोडचिठ्ठी झाली. सासरकडच्यांनी टेम्पो भरून आंदणाची भांडी परत पाठवली. गुंड, गंज, पराती, डबे, ताटं, वाट्या, सगळं. नवरा-बायकोचं नाव घातलेली भांडी. बहीण गावी आईजवळ राहिली आणि पोरगी शाळेसाठी माझ्याकडे आली.

खोटं कशाला बोलू, ती पोरगी आल्यावर मला घर असल्यासारखं वाटायला लागलं. सकाळी तिची वेणी, डबा, बस चुकली म्हणून आरडाओरडा. संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडे चक्कर. मी चिडायची, ती माझी नक्कल करायची. कॉलेजमधून घरी जायची घाई मला आयुष्यात पहिल्यांदा व्हायला लागली. कुणी विचारलं, मुलगी तुमची का, तर मी भाची आहे म्हणायची, पण जरा थांबून म्हणायची.

मग स्थळ आलं. चंद्रपूरचे गृहस्थ, हार्डवेअरचं दुकान, बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही. मध्यस्थाकडून सगळं चांगलंच ऐकू आलं. फक्त एक अट होती, तीही त्यांच्या मोठ्या बहिणीकडून. पोरगी सोबत नको. ती मावशीकडे शिकून राहिलीच आहे, तर तिथेच राहू द्या. आईने मध्यस्थाला होकार कळवून टाकला. बहिणीला नीट विचारलंसुद्धा नाही.

मला फोन आला. "बाई वं, ते भांडे तुह्याकडे पाठवून राहिली. त्याच्यावरचे नावं पुसून दे."

"पुसून दे म्हणजे?"

"म्हणजे काय? पहिल्या नवऱ्याच्या नावाचे भांडे दुसऱ्याच्या घरी न्यायचे काय?"

"मग मोडीत दे ना आई. नवीन घे."

"लेकीचं आंदण मोडीत काढत नाही कोणी! अपशकुन हाये तो. तुह्यापाशी एवढं मशीन हाये, ते कायले हाये मंग?"

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मंत्र्यांची नावं टाकायची, आणि आता घरच्यांची पुसायची. फोन ठेवून मी भिंतीशी भांडले. पण पोरीचं काय ठरलंय ते आईने शेवटी सहज सांगितलं होतं, "पोरगी तुह्यापाशीच राहीन, तुले तं लळा लागलाच हाये." मला राग यायला हवा होता, आणि आला तो आनंद. स्वतःची लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

भांडी आली. दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती, तेव्हा बहीण आणि मी ती घेऊन गेलो. पोरगी गावी आजीजवळ होती. मी बहिणीला हिरव्या काचेचा चष्मा दिला आणि आधी एका डब्याचं झाकण घेतलं.

भांड्यावरचं नाव पुसायचं म्हणजे पाटीवरचं अक्षर पुसणं नव्हे. दुकानदाराचं पेन पोलादात ठिपके ठोकून खड्डे करतं. लेझर धातू काढू शकतो, परत भरू शकत नाही. खड्डा नाहीसा करायचा तर त्याच्याभोवतालचा सगळा भाग तेवढाच खाली आणावा लागतो. जाड गुंडाला ते चालतं. पातळ ताटाला भोक पडतं. झाकणावरचं नाव गेलं खरं, पण त्या जागी एक पांढरट, चकचकीत चौकोन राहिला. आधी नाव शोधावं लागायचं. आता झाकण हातात घेण्याआधीच नजर तिथे जायची.

बहीण झाकण लांब धरून पाहत राहिली आणि म्हणाली, "ताई, आता तं बसमधूनही दिसन, की इथं काहीतरी होतं म्हणून."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती रडली. परत आल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला असल्या वेळी काय बोलावं ते कळत नाही. मी म्हटलं, "जाड भांड्यांवर त्या चौकोनात वेलबुट्टी काढून देते, नक्षीच वाटेल. पातळ भांडी राहू दे इथेच, आईला मी पाहून घेते." ती मानेने हो म्हणाली. मग आम्ही एकेक गंज, एकेक गुंड घेत गेलो. ती भांडं पुढे करायची, मी नाव घालवून वर वेल काढायची.

सगळ्यात शेवटी तिने पिशवीतून एक छोटी ताटली काढली. पोरीच्या उष्टावणाची. ती मीच दिली होती, इतवारीतल्या दुकानातून, तिथेच नाव घालून. पोरीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, काठावर आतल्या बाजूने. पोरगी लहान असताना त्याच ताटलीत जेवायची. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती.

"हे आपोआपच अर्धं गेलंय," मी म्हटलं. "पण पातळ आहे गं. भोक पडेल."

"पुसायचं नाही, ताई. हे ठळक होते का? समोर बसलेल्या माणसाले चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे, असं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ताटलीकडे पाहत होती.

"पाहुणे येतील तेव्हा याच्यातच पोहे देईन म्हणते. आईनं हो म्हणून टाकलं, मले कोणी विचारलं नाही. मले भांडता येत नाही तुझ्यासारखं. त्यांनी हे नाव वाचावं. वाचून उठून गेले तं गेले. मी पोरीले सोडून कुठंच जाणार नाही."

ती एकटी गेली तर पोरगी माझी. वेणी माझी, डबा माझा, तलावाची चक्कर माझी. आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की होत नाही गं, स्टील खराब होईल. तिने मानलं असतं. या विषयात मी सांगेन ते सगळेच मानतात. घरात तर माझ्याशिवाय कुणाला कळतच नाही. मी ताटली हातात घेऊन उगाच उलटसुलट केली, भिंग पुसलं, टेबल वरखाली केलं. ती शांतपणे बसून होती. माझ्या मनात काय चाललंय हे तिला कळलं असेल का, माहीत नाही. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता की मला तिचा रागच आला.

"होतं," मी म्हटलं. "वेळ लागेल."

यात पोलाद कोरायचंच नसतं. किरण जरा विस्कटून, हळूहळू फिरवायचा, नुसता तापवायचा. वरचा थर काळा होतो आणि तो रंग घासून जात नाही. पण दुकानातल्या माणसाने अक्षरं हाताने काढली होती, वाकडीतिकडी. कॉम्प्युटरमधली सरळ अक्षरं वर बसवली असती तर दोन नावं दिसली असती. म्हणून मी ताटलीचा फोटो घेतला, त्याची अक्षरं तशीच गिरवून घेतली, त्याची तिरपी वेलांटी, उतरलेली शिरोरेघ, सगळं. खूण कुठे पडेल ते दाखवायला मशीन लाल ठिपका टाकतं, तो अक्षरांच्या एकेका ठिपक्यावर जुळवला. काठ पातळ, जास्त तापला तर वाकडा होणार, म्हणून थोडं करायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा करायचं. झालं तेव्हा ते नाव काजळाने लिहिल्यासारखं दिसत होतं. बहिणीने ताटली टेबलावर ठेवली, दारापर्यंत जाऊन तिथून वाचली, आणि परत येऊन पिशवीत घातली.

पाहुणे माझ्याच घरी आले. ते गृहस्थ, त्यांची मोठी बहीण आणि मध्यस्थ. आई गावाहून नवीन लुगडं नेसून आली होती. पोरीला शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं, तेही आईनेच. बहिणीने ट्रे आणला. बाकीच्यांना काचेच्या बशा, आणि त्या गृहस्थांसमोर ती ताटली. आईने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. आता बोलायची सोय नव्हती. माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहायला लागले.

त्यांनी दोन घास खाल्ले. पोहे बाजूला सरकले तसं नाव दिसलं. त्यांनी वाचलं, सावकाश, ओठ हलवत.

"हे कोणाचं नाव?"

"माझ्या मुलीचं," बहीण म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. "ती जिथे राहील तिथे मी राहीन. तिच्या नावापुढे तिच्या बापाचं नाव आहे, ते तसंच राहील. तुमचं लावा, असं मी म्हणणार नाही. चालत असेल तर बघा."

"पण आपलं तं बोलणं झालं होतं," त्यांची बहीण म्हणाली.

"माझ्याशी नाही झालं."

मध्यस्थ बशीतला शेंगदाणा शोधायला लागला. त्या गृहस्थांनी काठावरून अंगठा फिरवला, दुकानात एखादी वस्तू पाहावी तसा. "हाताला लागत नाही," ते म्हणाले. "कशानं केलं?"

"लेझरनं," मी म्हटलं.

"म्हणजे निघणार नाही."

"नाही."

त्यांनी उरलेले पोहे संपवले. मग म्हणाले, "मुलगी कुठे आहे? तिची ताटली मी खरकटी केली. तिला विचारायला पाहिजे होतं."

शेजारून पोरीला बोलावलं. ती आली, ताटली पाहिली, आणि कुणाचा मुलाहिजा न ठेवता म्हणाली, "ही माझी आहे. धुऊन द्या."

"अगं!" आई ओरडली. पण ते उठले होते. ते सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेले, ताटली घासली, पुसली आणि आणून पोरीच्या हातात दिली. त्यांची बहीण बघतच राहिली. "चंद्रपूरला ऊन लय असते," ते पोरीला म्हणाले, "चालन ना तुले?" पोरीने तिच्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. ती हलवताना किती जड गेली, ते माझं मला ठाऊक.

लग्न साधंच झालं, रजिस्टर पद्धतीने. पोरीची परीक्षा होईपर्यंत ती माझ्याकडे राहिली. ते दिवस मी तिच्यावर एकदाही चिडले नाही, तर एकदा तीच म्हणाली, "मावशी, तुले बरं नाही का?"

न्यायला सगळे आले तेव्हा उन्हं तापायला लागली होती. भांडी गाडीत चढली, पोरीचं दप्तर, सायकल, कपड्यांची पेटी चढली. आईही गावाहून आली होती. बहीण माझ्या गळ्यात पडली आणि मला सोडेचना. पोरगी गाडीत बसली, पुन्हा उतरली, माझ्याजवळ आली.

"मावशी, तू आता एकटी जेवशील?"

"मग काय गावजेवण घालू?" मी खेकसले. "जा, बस गाडीत. उशीर करून राहिली सगळ्यांले."

ती हसली. माझं खेकसणं तिला बऱ्याच दिवसांनी ऐकायला मिळालं होतं. गाडी वळणावरून गेली. मी वर आले, बाथरूममध्ये शिरले, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजात रडले. किती वेळ, कुणास ठाऊक.

बाहेरून आईची हाक आली. "काहून वं, पाणी काहून वाया घालवून राहिली?"

मी नळ बंद केला. मग तिला माझं रडणं ऐकू गेलं. बांगड्यांचा आवाज आला, आणि ती दाराबाहेर खाली बसली.